अर्धीच वाढते

काशीनाथबाबांच्या पंगतीतून माणूस पोटावर हात ठेवूनच उठायचा, अशी पंचगंगा घाटावरच्या गल्लीत त्यांची ख्याती होती. ख्याती म्हणा, नाहीतर दहशत म्हणा. महाराष्ट्रातून काशीला आलेल्या यात्रेकरूंचे विधी करायचे आणि दुपारी त्यांना घरी जेवू घालायचं, हे त्या घरात सहा-सात पिढ्या चालत आलेलं. विधी काय, कोणीही करतं. पण आग्रह करण्यात बाबांचा हात धरणारा अख्ख्या बनारसात कोणी नव्हता.

त्याचं त्यांनी एक शास्त्रच केलं होतं, आणि ऋता सून होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी ते तिला ऐकवलं होतं.

"हे बघ, 'पोळी हवी का' असं कधी विचारायचं नाही. हवी का म्हटलं की माणूस नकोच म्हणणार. पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं. आपण विचारायचं, अर्धी वाढू की सबंध? म्हणजे तो आपोआप अर्धीवर येतो. आणि अर्धी पोटात गेली की उरलेली अर्धी एकटी कशी राहील?"

"आणि तिसऱ्यांदा नको म्हणाला तर?"

"तिसऱ्यांदा तो दोन्ही हात पानावर आडवे धरतो. तेव्हा हात बघायचे नाहीत, डोळे बघायचे. डोळे आपल्या हातातल्या ताटामागे फिरत असतील तर बेलाशक वाढ. पण डोळे खाली स्वतःच्या पानात असतील तर निमूट पुढं जायचं. त्याला वाढलं तर पाप लागतं."

ऋता तेव्हा हसली होती, पण मनातून तिला हे काही पटलं नव्हतं. ती सांगलीची, बँकेत नोकरी करणारी. लहानपणी प्रत्येक लग्नात कोणीतरी मावशी तिच्या तोंडात जिलबी कोंबायची, तेव्हापासून तिला आग्रहाचा तिटकारा होता. एकदा सरळ विचारावं, समोरच्यानं सरळ सांगावं, विषय संपला. नको म्हणजे नको. या तत्त्वाचा तिला अभिमानही होता, दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना सांगलीत बरं नव्हतं. तिनं फोन केला, "मी येऊ का?" वडील म्हणाले, "नको गं, एवढं काही नाही. उगाच रजा कशाला घालवतेस?" तिनं बरं म्हटलं आणि रजा वाचवली. तिसऱ्या दिवशी ते गेले. तेराव्याला आई तिला एकच वाक्य बोलली, तेही भांडी पुसता पुसता. "तू एकदाच विचारलंस." त्यानंतर मायलेकींमध्ये हा विषय पुन्हा निघाला नाही, आणि ऋताच्या मनातून तो एक दिवसही गेला नाही.

आज माघातली थंडी अशी होती की गंगेवरून येणारा वारा हाडात शिरत होता. नांदेडकडची अकरा माणसं पंगतीला बसली होती. बाबा उपरणं कमरेला खोचून पुरणपोळी वाढत होते, आणि दारात उभ्या असलेल्या ऋताला दिसलं की त्यांचं कपाळ घामानं डबडबलंय.

एका आजोबांपुढं ते वाकले. "अर्धी वाढू की..." आणि वाक्य तिथंच राहिलं. आजोबांनी नको म्हटलं, तर बाबांनी चक्क ऐकलं आणि ते पुढं सरकले.

या माणसानं पहिल्या नकोला माघार घेतल्याचं ऋतानं सात वर्षांत पाहिलं नव्हतं. ती पुढं झाली, त्यांच्या हातातलं ताट घेऊन तिनं ते त्या यात्रेकरूंमधल्या एका बाईंच्या हातात दिलं आणि बाबांना आतल्या खोलीत नेऊन बसवलं. डावा हात ते सारखा चोळत होते.

"बाबा, छातीत दुखतंय?"

"छे गं. पित्त आहे. सकाळपासून चहाच चार वेळा झालाय."

"डॉक्टरकडे जायचं का?"

"नको. लोक जेवतायत. जा, मठ्ठा बघ."

ऋता वळली. सवयच ती. दाराबाहेर दोन पावलं गेली, आणि भांडी पुसणारी आई तिला डोळ्यांपुढं दिसली. एकदाच विचारलंस. तिचे पाय जागच्या जागी थांबले.

तिनं नवऱ्याला फोन लावला. विश्वजीत रेल्वेत, गोरखपूरला ड्युटीवर. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बनारसी मराठीत सांगितलं, "बघ, ते मानणार नाहीत. आई गेल्यापासून अस्पतालचं नाव काढलं तरी बिघडतात ते. तू जबरदस्ती नको करू. मी शाम तक पोहोचतो."

"संध्याकाळपर्यंत वेळ असेल कशावरून?"

तिनं फोन ठेवला आणि खिडकीतून शेजारी हाक मारली.

शेजारचा अनिश मात्र हाकेसरशी आला. औषधांच्या दुकानात उभं राहून राहून त्याला निम्मी डॉक्टरकी येत होती. त्यानं खिडकीतूनच बाबांकडे पाहिलं आणि ऋताला बाजूला घेतलं. "भाभी, ये गैस नहीं है. जाड़े में इतना पसीना? अभी ले चलिए. मैदागिन चौराहे पर एम्बुलेन्स बुला देता हूँ, गली में तो आएगी नहीं. वहाँ तक स्कूटर से."

त्यानं तिच्या हातात ॲस्पिरिनची गोळी ठेवली. चावून खायला लावा, म्हणाला.

आता प्रश्न एकच होता, आणि तो ऋतापुढं स्वच्छ उभा होता. या माणसाला या घरातून बाहेर कसं काढायचं? चौघांनी उचलून न्यायचं म्हटलं तर ते हातपाय झाडणार आणि त्या झटापटीतच काहीतरी होणार. रडून चालणार नव्हतं, रडण्यापुढं ते कधी वाकले नव्हते. हट्टाला हट्ट लावला तर त्यांचा हट्ट वयानं मोठा होता. मग तिला दिसलं की वाट त्यांनीच दाखवून ठेवली आहे.

ती गोळी घेऊन आत गेली. "बाबा, गोळी चावून खाल, की कुटून देऊ?"

"कुटून कशाला? दात आहेत मला अजून." त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं.

ऋताला कणभर धीर आला. "शाल कुठली देऊ? पांढरी की तपकिरी?"

"शाल कशाला? घाम येतोय मला."

"घामावर वारा लागतो. पांढरी की तपकिरी?"

"तपकिरी," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"बाहेर ओट्यावर बसू जरा. इथं स्वयंपाकघराचा धूर आहे. माझा हात धरता, की भिंत धरून येता?"

ते भिंत धरून निघाले. पंगतीच्या कडेनं जाताना त्यांनी थांबून सगळ्या पानांवरून नजर फिरवली. वाढायला घेतलेल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही जावा हो गुरुजी, आमचं आम्ही वाढून घेतो." बाबांना ते ऐकून फार वाईट वाटलं असणार. यजमानाच्या घरी पाहुण्यांनी वाढून घेणं म्हणजे त्यांच्या लेखी बुडणंच. पण ते तसेच भिंत धरून पुढं सरकले, आणि ऋताला त्याचीच जास्त भीती वाटली.

ओट्यावर आले, तर समोर अनिश स्कूटर चालू करून उभा. बाबांनी स्कूटरकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं.

"मला पोळी वाढतेस होय गं?"

"अर्धीच वाढते, बाबा. मैदागिनपर्यंत फक्त. तिथून परत यायचं असेल तर परत येऊ."

"काशीत बसलोय मी. इथं मरायला लोक दुरून दुरून येतात. मला कशाची भीती?"

"हॉस्पिटल पण काशीतच आहे की."

अनिशला त्याही परिस्थितीत हसू आलं. बाबांनी त्याच्यावर डोळे वटारले, पण वटारायलाही त्यांच्यात जोर नव्हता. त्यांनी छातीवर मूठ दाबली, खाली वाकले, आणि त्या वाकण्यातच स्कूटरवर बसले. ऋता मागून बसली आणि तिनं दोन्ही हातांनी त्यांना कवेत धरलं. सासऱ्याला असं धरायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. शालीतून त्यांची पाठ ओली लागत होती.

गल्लीत वाटेत एक गाय आडवी बसलेली. अनिशनं हॉर्न वाजवला, मग ओरडला, मग उतरून तिला ढकललं. गाय काही बाबांच्या शास्त्रातली नव्हती, तिला अर्धी-सबंध कळत नव्हतं. शेवटी एका दुकानदारानं कोबीचा पाला दाखवून तिला उठवलं. त्यात तीनेक मिनिटं गेली असतील. ऋता मनात आकडे म्हणत होती, शंभरापर्यंत गेली की पुन्हा एकपासून. बाबांचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडत होतं आणि ती त्यांना सारखं काहीतरी विचारत होती, म्हणजे ते उत्तर देतील. पुरण कोणी वाटलं? वेलदोडा घातला की जायफळ? "जायफळ," बाबा पुटपुटले, "वेलदोडा महाराष्ट्रात."

मैदागिनला ॲम्ब्युलन्स उभी होती. तिथून परत जायचं का, हे ऋतानं विचारलं नाही. बाबांनीही आठवण करून दिली नाही.

हॉस्पिटलात त्यांना आत घेतलं, छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली. डॉक्टर मालविका नावाची ठेंगणी, घाईतली बाई होती. तिनं पट्टी पाहिली आणि सरळ बाबांशीच बोलली. "बाबूजी, दिल की एक नली बंद है. तार डालकर अभी खोलनी पड़ेगी. जितनी देर होगी, दिल उतना मरेगा. यहाँ दस्तख़त कीजिए."

बाबांनी कागद बाजूला सारला. "नहीं."

ऋतानं समजावलं. ते नाही म्हणाले. तिनं पुन्हा समजावलं, विश्वजीतला फोनवर दिलं. विश्वजीत रडला. बाबा त्यालाही नाही म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात छातीवर, त्या तारांवर, आडवे धरले. पानावर धरावेत तसे.

"ऋता, ऐक. तू मला इथवर आणलंस, हुशार आहेस. पण आता पुरे." त्यांना धाप लागत होती, तरी ते थांबेनात. "तुझ्या सासूला मीच आग्रह करून दवाखान्यात नेलं होतं. ऑपरेशनला ती नको म्हणत होती. तीनदा म्हणाली. तिचे डोळे पानात होते गं. मला दिसलं होतं. तरी मी वाढलं. अठरा दिवस नळ्यांत राहिली सीता, आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिनं."

सात वर्षं ज्या शास्त्राची ऋतानं मनातल्या मनात टिंगल केली, त्यातला शेवटचा नियम कुठून आला असेल, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. नाही, नियम जुनाच होता, सासूबाईंच्या आजारपणाआधीपासूनचा. फक्त तो मोडल्याची शिक्षा हा माणूस तीन वर्षं एकटाच भोगत होता.

आता? तिच्या हातात काय होतं? वडिलांच्या वेळी तिनं पहिल्या नकोवर फोन ठेवला होता, ती चूक. बाबांनी तिसऱ्या नकोनंतरही वाढलं होतं, तीही चूकच. आणि समोर हे तिसरं नको, दोन्ही हात आडवे. जबरदस्तीनं सही घेतली आणि टेबलावर काही झालं, तर सगळे म्हणतील, सुनेनं ऐकलं नाही, म्हाताऱ्याला ओढत नेलं. सोडून दिलं आणि संध्याकाळी विश्वजीत आला तेव्हा बाबा नसले, तर? ती भ्यायली होती.

डॉक्टरला वेळ नव्हता. "मना कर रहे हैं तो लिखकर देना पड़ेगा. मैं दूसरा फ़ॉर्म भिजवाती हूँ," असं म्हणून ती वळली.

ऋतानं हातांकडे बघायचं सोडलं आणि बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

ते खाली नव्हते. तारांवर नव्हते, पलंगावर नव्हते, तिच्यावरही नव्हते. डॉक्टर दाराकडे चालली होती आणि बाबांचे डोळे तिच्या पाठीमागे चालले होते. ती भिंतीवरच्या फळ्याशी थांबली, डोळे थांबले. ती पुन्हा निघाली, डोळे निघाले. तिनं दाराला हात लावला तेव्हा बाबांची मान उशीवरून अर्धी वीत उचलली गेली.

"डॉक्टर, रुकिए!" ऋता इतक्या मोठ्यानं ओरडली की पलीकडच्या पलंगावरचा माणूस दचकला.

"मी नको म्हटलंय," बाबा म्हणाले.

"ऐकलं मी. तीनदा ऐकलं."

"मग?"

"तुम्ही दारापर्यंत बघत होतात, बाबा."

चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा रागावतो, तसे बाबा आधी रागावले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "भीती वाटते गं," ते म्हणाले. "दोन्हीची वाटते."

"मलाही वाटते. उजव्या हातानं सही करता, की डाव्यानं?"

"डाव्यानं कोण सही करतं, मूर्ख," असं म्हणत त्यांनी छातीवरचे हात उचलले आणि पेन मागितलं.

त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर ऋता बसली, उठली, पुन्हा बसली. अनिशनं चहा आणला, तो तिच्या हातात गार झाला. पाऊण तासानं डॉक्टर मालविका टोपी काढत बाहेर आली. नळी उघडली होती. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच थोडं हसली. "बड़े ज़िद्दी हैं. अंदर पूछ रहे थे, खाना खाया कि नहीं."

ऋतानं विश्वजीतला कळवलं. त्यानंतर तिनं आईला फोन लावला. सगळी हकिकत सांगितली, आणि सांगून झाल्यावर फोन ठेवावा की नाही, असं तिला झालं. ठेवला असता तरी चाललं असतं. तिनं ठेवला नाही.

"आई, एक विचारू? त्या दिवशी आपल्या बाबांनी मला येऊ नको म्हटलं ना. फोन ठेवल्यावर ते कुठे बघत होते?"

मागे कुठेतरी तिचा कुकर शिटी देत होता.

"दाराकडे," आई म्हणाली. "दोन्ही दिवस. मी कुशीवर वळवायची, तर परत तिकडेच."

ऋता हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोठ्यानं रडली. येणारे-जाणारे थांबले, अनिश लांबूनच घाबरला, त्याला वाटलं गुरुजी गेले. तिकडे आईही रडत होती. दोन वर्षांचं ते होतं, निघायला वेळ लागला.

मग ऋतानं ओढणीनं नाक पुसलं. "आई, तू इकडे ये."

"नको गं. एवढ्या लांब कशाला? आणि तुझ्या घरात आजारपण, त्यात माझी भर नको."

ऋतानं डोळे मिटून घेतले. आईचे डोळे इथून दिसत नव्हते, पण कुकरचा आवाज मागे पडला होता. ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली होती, दाराशी.

"तिकीट खालच्या बर्थचं काढू की वरच्या?"

"वरच्यावर मला चढता येतं का गं?" आई म्हणाली.